चाळीस ग्रॅमचे पेशंट

वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात, तळघराच्या जिन्याशेजारी, एक लांबट खोली आहे. त्या खोलीत एकच माणूस एकतीस वर्षं पुस्तकं बांधत होता. त्यांना सगळे पुठ्ठेकाका म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, आणि काकांनीही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, कारण पुठ्ठ्यावर त्यांचा खरोखरच जीव होता. नवा माल आला की ते आधी त्याचा वास घ्यायचे, मग नखानं टिचकी मारून कान लावायचे, आणि मगच पावतीवर सही करायचे. तोवर माल आणणारा दाराशी ताटकळत उभा. पुठ्ठा घेताय की जावई निवडताय, असं तो एकदा वैतागून म्हणाला होता. जावई एवढा तपासला नव्हता, असं काकांनी शांतपणे सांगितलं. ते खरंही होतं.

काका हट्टी होते. तिरसट नव्हते, पण एकदा डोक्यात काही बसलं की ते काढायला पक्कड लागायची. खळ विकतची आणायची नाही, मैद्याची घरच्यासारखी शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा म्हणजे कसर लागत नाही. शिवण उभ्यानंच घालायची, बसून घातली की दोरा सैल राहतो. डॉक्टर मंडळींपासून चार हात लांब राहायचं. आता ज्या माणसाचा पगारच डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजातून येतो, ज्याच्या खिडकीतून रुग्णालयाचं मागचं फाटक दिसतं, त्यानं असं ठरवणं म्हणजे कमालच. पण बारा वर्षं अंगात साखर घेऊन काका त्या फाटकाकडे पाठ करून शिवण घालत होते. गोळ्या बायको डबीत भरून द्यायची. घेतल्या तर घेतल्या.

या भीतीचं मूळ त्यांचा थोरला भाऊ. दादालाही साखर होती. आधी पायाचं एक बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग गुडघ्यापासून खाली काहीच उरलं नाही, आणि त्या वर्षाच्या शेवटी दादाही राहिला नाही. तेव्हापासून काकांच्या मनात एक हिशेब पक्का होता: माणूस आत जातो अख्खा, बाहेर येतो तुकड्यांनी. हा हिशेब ते कुणाला बोलून दाखवायचे नाहीत. एवढंच की ओळखीचं कुणी रुग्णालयात भरती झालं, तर भेटायला बायकोला पाठवायचे आणि आपण घरी कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसायचे.

पुढे वैद्यकाची नियतकालिकं कागदावर यायचीच बंद झाली. पूर्वी वर्षाचे बारा अंक यायचे, काका त्यांच्या तारेच्या पिना उपटायचे, घड्या सारख्या करायचे, शिवायचे, शिकंज्यात दाबायचे आणि कण्यावर सोनेरी अक्षरं उठवायचे. आता सगळं पडद्यावर. खोलीत काका, शिकंजा आणि जुने गठ्ठे एवढंच उरलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं. ग्रंथपालसाहेब भला माणूस, त्यांनी काकांना काही म्हटलं नाही, पण येता-जाता खोलीकडे बघून ते नुसतेच हसायचे, आणि ते हसणं काकांना टोचायचं.

अशात एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांचं संशोधन जरा वेगळंच होतं. त्या पेशंट तपासत नव्हत्या, संशोधन तपासत होत्या. साखरेच्या माणसाच्या पायाची जखम भरत का नाही, यावर जगभरच्या लोकांनी गेल्या तीस वर्षांत काय काय लिहिलं, शरीरातल्या कोणत्या राखणदार पेशींकडे कुणी कधी लक्ष दिलं, कल कुठून कुठे वळला, हे त्यांना मांडायचं होतं. एकूण चौदाशे बारा लेख. संगणकानं त्यांची वर्गवारी केली होती, पण ती इतकी गचाळ की एकेक लेख माणसाच्या नजरेखालून घालणं भाग होतं. साहेबांनी काकांना त्यांच्या हवाली केलं, कारण बाकी कुणाला वेळ नव्हता आणि काकांना काम नव्हतं.

काकांचं इंग्रजी म्हणजे कण्यावरचं इंग्रजी. तीस वर्षं ती अक्षरं एकेक करून उठवल्यामुळे मोठमोठे वैद्यकीय शब्द त्यांना चेहऱ्यानं ओळखीचे होते, अर्थानं नव्हे. डॉक्टरबाईंनी काम सोपं करून दिलं. प्रत्येक लेखाचं नाव, वर्ष, देश आणि निष्कर्षाची शेवटची ओळ, एवढंच छापून आणलं. काकांनी शब्दकोश घेऊन बसायचं, कोणती पेशी आणि जखम किती दिवसांत मिटली हे बघायचं, आणि नोंद करायची.

नोंद वहीत करतील तर ते पुठ्ठेकाका कसले. त्यांनी उरलेल्या रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. त्या राखणदार पेशींपैकी न्यूट्रोफिलला लाल, मॅक्रोफेजला पिवळी, टी-पेशींना निळी, बाकीच्यांना राखाडी. लांब टेबलावर वर्षवार जागा आखली आणि प्रत्येक लेखाची एक चिठ्ठी त्या त्या वर्षावर रचत गेले. महिन्याभरात टेबलावर तीस वर्षं उभी राहिली. सुरुवातीला चार-दोन लाल चिठ्ठ्या, तुरळक. मधे पिवळी वाढू लागली आणि शेवटच्या दहा वर्षांत तर पिवळीनं टेबल व्यापलं. अगदी अलीकडे, एकेक पेशी सुटी करून तिची चौकशी करणाऱ्यांच्या राखाडी चिठ्ठ्या वर चढत होत्या. डॉक्टरबाई ते बघून दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, हा आलेख मी चार महिने संगणकावर काढतेय आणि तो इतका स्पष्ट कधी दिसला नाही. त्यांनी फोटो काढला. काकांनी त्या दिवशी घरी जाऊन स्वतःहून कांदा चिरून दिला, तेव्हा काहीतरी चांगलं घडलं असणार हे बायकोनं ओळखलं.

काका नुसते रचत नव्हते, वाचतही होते. समजेल तेवढं समजून घेत होते. मॅक्रोफेज म्हणजे काय हे त्यांनी ग्रंथपालसाहेबांना एकदा असं समजावलं: फाटकं पुस्तक दुरुस्तीला आलं की आधी जुनी खळ खरवडायची, कुजका दोरा उपटायचा, कणा साफ करायचा. मग तोच माणूस सुई घेतो आणि शिवायला लागतो. या पेशींचंही तसंच आहे, आधी खरवडतात, मग शिवतात. साखरेच्या माणसात त्या खरवडतच बसतात, सुई हातात घेतच नाहीत. साहेब म्हणाले, काका, तुम्ही परीक्षेला बसा. काका नुसते हसले, पण दिवसभर ते वाक्य मनात घोळवत राहिले.

आणि याच दिवसांत ती पिन रुतली.

जुन्या अंकांतून उपटलेली, जाड तारेची. एखादी उडून खाली पडायची, काका वाकून उचलायचे, आणि एखादी राहून जायची. ती चपलेच्या तळातून वर आली आणि काकांच्या उजव्या तळव्यात, करंगळीच्या खाली, जाऊन बसली. ती किती वेळ आत होती ते त्यांना सांगता आलं नसतं. बहुधा दोन दिवस. साखरेनं पायाची जाणीव केव्हाच नेली होती. पाय धुताना पाण्याला रंग आला म्हणून त्यांनी बघितलं, तर तार आत आणि भोवती पांढुरकी कातडी. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी ती खोलीतल्या छोट्या पक्कडीनं काढली, जखम धुतली, स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली आणि मोजा चढवला. बायकोनं विचारलं, आज मोजे घालून का झोपताय. थंडी वाजते, ते म्हणाले. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

आता कुणीही म्हणेल, एवढं वाचणारा माणूस, त्यानं पळत जाऊन दाखवायला हवं होतं. पण वाचत होते म्हणूनच ते गेले नाहीत, हीच तर गोष्ट आहे. शेवटच्या ओळींमध्ये पुन्हा पुन्हा एकच मजकूर यायचा. औषध दिलेल्या गटाच्या जखमा चौदाव्या दिवशी मिटल्या, औषध न दिलेल्या गटाच्या एकविसाव्या. कुठे अठरा, कुठे चोवीस. काकांनी साहेबांना सहज विचारून घेतलं होतं की हा न दिलेला गट म्हणजे कोण. ज्यांच्यावर काहीच उपचार करत नाहीत ते, असं साहेबांनी सांगितलं होतं. काकांना त्या गटाबद्दल माया वाटू लागली. बिचारे, कुणी त्यांच्याकडे बघत नाही, साखर आहेच, आणि तरी तीन आठवड्यांत भरतंच. आपणही त्यातलेच की. त्यांनी अशा लेखांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. त्रेसष्ट ठिकाणचे डॉक्टर एकच गोष्ट सांगत असतील, तर ती खरीच असणार. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला बारीक टिंब केलं आणि ते कामाला लागले.

आठवा दिवस गेला. जखम मिटत नव्हती, उलट कड जाड होत चालली होती. काकांनी मनाची समजूत घातली की हे खरवडण्याचे दिवस आहेत, शिवण नंतर. तेराव्या दिवशी करंगळी काळसर दिसली. सोळाव्या दिवशी वास येऊ लागला. खोलीत त्याची कुणाला शंका आली नाही, कारण आंबट खळीचा वास तिथे कायमचाच. साहेबांनी फक्त एकदा नाकाला रुमाल लावून विचारलं, खळ बदलायला झाली का. उद्या बदलतो, काका म्हणाले. घरी मात्र ते बायकोच्या आधी उठून मोजे धुवायला लागले. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसानं पहिल्यांदा मोजे धुतले, हे लपेल असं त्यांना वाटलं, याला काय म्हणावं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई नवी सूचना घेऊन आल्या. त्यांच्या सरांनी मसुदा बघून आणखी एक रकाना घालायला सांगितला होता: माणूस की प्राणी. शेवटच्या ओळीवरून ते कळत नाही, म्हणून आता अख्खे लेख छापून आणले होते. मधे "पद्धत" नावाचा भाग असतो, तिथे कोणावर प्रयोग केला ते लिहिलेलं असतं, ते बघायचं आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यावर खूण करायची. सोपं आहे, काका, असं म्हणून त्या चहा आणायला गेल्या.

काकांनी पहिल्यांदा त्रेसष्टचाच गठ्ठा ओढला. आपली माणसं ना ती.

पहिल्या लेखात लिहिलं होतं, सगळ्या माद्या, वय आठ आठवडे. काकांना वाटलं छपाईची चूक, वर्षांऐवजी आठवडे पडलं असणार. मादी हा शब्द बाईसाठी वापरला म्हणून ते मनातल्या मनात रागावलेसुद्धा. दुसरा उघडला. वजन चाळीस ग्रॅम. काकांनी शब्दकोश बाजूला ठेवला. चाळीस ग्रॅम म्हणजे किती हे त्यांना नीट ठाऊक होतं, एका वेळच्या खळीला तेवढाच मैदा लागतो. चाळीस ग्रॅमचा पेशंट. तिसऱ्या लेखात तो शब्द सरळच लिहिला होता, आणि तो काकांना शब्दकोशाशिवाय येत होता. उंदीर. चौथ्यात उंदीर. पाचव्यात पांढरा उंदीर, साखर होईल अशाच जातीचा. काका एकेक उलटत गेले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. त्यांच्या त्या गटात, ज्याच्यावर त्यांनी माया केली होती, एकही माणूस नव्हता.

डॉक्टरबाई चहाचे दोन पेले घेऊन आल्या तेव्हा काका टेबलाला धरून उभे होते. त्यांनी अगदी कामाचा प्रश्न असल्यासारखं विचारलं की, उंदराची जखम एवढ्या लवकर कशी मिटते. बाईंना समजावून सांगायची आवड, त्या खुशीत येऊन सांगू लागल्या. उंदराचं कातडं सैल असतं, पिशवीची नाडी ओढावी तसं ते ओढलं जातं आणि जखम मिटते. माणसाचं तसं होत नाही, ती तळापासून इंच इंच भरत वर यावी लागते. शिवाय उंदराची जखम आम्हीच करतो, स्वच्छ, गोल, आणि तीही पाठीवर. माणसाची असते तळव्याला.

"उंदीर जखमेवर चालत नाही, काका," त्या म्हणाल्या. "माणूस दिवसभर तिच्यावरच उभा असतो."

काका खाली बसले. स्टुलावर, जिथे ते कामाच्या वेळी कधीच बसत नसत.

"मग माणसाला किती दिवस?"

"बारा आठवडे, वीस आठवडे. उपचार केले तर. का हो?"

"माझा एकोणिसावा दिवस आहे," काका म्हणाले.

त्यांना आधी काहीच समजलं नाही. मग त्यांची नजर खाली गेली. काकांनी मोजा उतरवला, आणि मोज्याबरोबर पट्टीही आली. डॉक्टरबाईंनी हातातला पेला टेबलावर ठेवला तो पिवळ्या चिठ्ठ्यांवर सांडला, आणि तीस वर्षांतली चार वर्षं चहात भिजली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. फोन करून चाकांची खुर्ची मागवली आणि खुर्ची येईपर्यंत काकांचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून बसल्या, जमिनीवर, त्या सगळ्या पिनांमध्ये.

एकतीस वर्षं ज्या फाटकाकडे पाठ केली ते फाटक खिडकीपासून फक्त शंभर पावलांवर होतं. काका ते खुर्चीतून मोजत गेले.

सर्जन बोलायला कमी होता. संसर्ग हाडापर्यंत गेलाय, करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागेल, पाऊल वाचेल असं वाटतं, खात्री देत नाही. काकांच्या डोळ्यांपुढे दादाचा सगळा जिना उभा राहिला, बोट, मग पाऊल, मग गुडघा. त्यांनी कागदावर सही केली, पण ती पुठ्ठ्याच्या पावतीवरच्या सहीसारखी झाली नाही.

बायको आली. तिला डॉक्टरबाईंनीच सगळं सांगितलं, उंदरांसकट. शेवटची ओळ तेवढी मी हातात दिली, मधलं पान दिलं नाही, माझीच चूक, असं त्या म्हणत राहिल्या. बायकोनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग काकांच्या खाटेजवळ येऊन ती बराच वेळ पांघरुणाच्या कडा सारख्या करत राहिली.

"त्रेसष्ट उंदरांवर विश्वास ठेवलात," ती म्हणाली. "माझ्यावर नाही."

काका तिचा हात धरायला गेले, तो तिनं धरू दिला, पण लगेच नाही.

दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. पण राहिलं म्हणजे काय, तर ते राखावं लागलं. पायाला प्लास्टरचा बूट आणि एकच सक्त ताकीद, पाय टेकायचा नाही. उभ्यानं जगलेल्या माणसाला बसवून ठेवणं म्हणजे काय असतं ते त्याच्या घरच्यांना विचारा. पहिले पंधरा दिवस काकांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवली. खुर्ची बुटकी, उशी कडक, भिंतीचा रंग कधी दिला होता असा. शेवटी बायकोच ग्रंथालयात गेली, लेखांचा पहिला गठ्ठा पिशवीत घालून घेऊन आली आणि तो तिनं त्यांच्या मांडीवर आदळला. उंदीर वेगळे काढा, ती म्हणाली, आणि माझं डोकं खाऊ नका.

काकांनी पाय उशीवर ठेवून उंदीर वेगळे काढले. अकराशे त्र्याऐंशी लेख प्राण्यांचे, नाहीतर काचेच्या बशीतल्या पेशींचे निघाले. माणसांचे उरले दोनशे एकोणतीस. ही माणसं काकांनी अगदी सावकाश वाचली. यांना वय होतं, साठ, अठ्ठावन्न, एकाहत्तर. यांच्या जखमा कित्येक महिन्यांच्या जुन्या होत्या. आणि यांच्या कोष्टकाच्या तळाशी नेहमी तीन आकडे असायचे: किती जणांची जखम भरली, किती जणांचा पाय गेला, आणि किती जणांशी संपर्क तुटला. पाय गेलेल्यांमध्ये एक गोष्ट वारंवार येत होती. ते उशिरा आले होते. कापलं म्हणून ते बुडाले नव्हते, थांबले म्हणून कापावं लागलं होतं.

हे कळायला दोनशे एकोणतीस लेख लागले असं नाही. पण काकांच्या डोक्यातून जुना हिशेब निघायला तेवढी पक्कड लागली. आणि तो निघाला तेव्हा त्याच्याखाली दुसरंच काहीतरी सापडलं, जे त्यांनी वीस वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

काका परत कामावर आले ते काठी आणि नव्या जाड तळाच्या बुटासह. जखम पूर्ण मिटायला एकशे एकाहत्तर दिवस लागले होते. खोलीत उंच स्टूल आलं होतं, सर्जनच्या हुकमावरून. डॉक्टरबाई शेवटचं कोष्टक लावत होत्या. त्या म्हणाल्या, संपर्क तुटलेले मोजणीतून वगळूया, सगळे वगळतात, त्यांचं काय झालं ते कुणालाच माहीत नसतं.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "घरी बसलेत."

बाईंनी मान वर केली. काका टेबलावरचा दोरा गुंडाळत होते, आणि गुंडाळता गुंडाळताच त्यांनी सांगितलं. दादा दोन वेळा पट्टी करायला गेला होता. तिसऱ्या वेळी निघाला तेव्हा बोट काढायचं घाटतंय असं कळलं होतं. तेव्हा दारात आडवा कोण उभा राहिला, तर धाकटा भाऊ. नको जाऊस, कापतात. मी आणतो औषध, मी बांधतो पट्टी, माझा हात चांगला आहे. आणि अडीच महिने धाकट्यानं रोज संध्याकाळी पट्टी बांधली, पुस्तकाच्या कोपऱ्यासारखी, घडी अगदी सरळ.

"दादाच्याही कागदावर संपर्क तुटला असंच लिहिलं असेल," ते म्हणाले. "तो मी तोडला, बाई."

डॉक्टरबाईंनी संपर्क तुटलेल्यांचा रकाना कोष्टकात परत घातला, आणि काकांना घेऊन त्या पायाच्या जखमांच्या विभागात गेल्या. तिथल्या सिस्टरकडे चालू वर्षाची यादी होती. यायचे थांबलेले सात जण. सिस्टर म्हणाली, फोन केला की बरं आहे म्हणतात आणि ठेवतात. त्या सातही घरी तिनं आधी फोन करून विचारून पाहिलं की आमचा एक माणूस येऊन गेला तर चालेल का. पाचांनी नाही म्हटलं, एकानं फोनच उचलला नाही, आणि एका घरच्या बाईनं हळू आवाजात येऊ दे म्हणून सांगितलं.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दुसरा मजला, अरुंद जिना, काठी एका हातात, कठडा दुसऱ्या. बाईनं दार उघडलं आणि नजरेनंच आतली खोली दाखवली. तिचा नवरा शिंपी होता. तो दाराकडे पाठ करून मशीनपाशी बसला होता, पायडलवर एकच पाय, दुसरा शेजारच्या पाण्याच्या पिंपाच्या आड सरकवलेला. न वळताच म्हणाला की मी ठीक आहे, थोडे दिवस झाले की भरेल, तुम्ही डॉक्टर असाल तर उगाच जिना चढलात.

काकांनी सांगितलं की ते डॉक्टर नाहीत, बाइंडर आहेत, शिवणकाम तेही करतात. मग खाली जमिनीवरच बसले, त्यांना बसायला आता वेळ लागायचा, आणि बूट काढला. मोजाही काढला. शिंप्यानं कापडाच्या आडून बघितलं. खोलीत वास होता, आणि तिथे तो लपवायला खळ नव्हती. बाई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. शिंप्यानं काकांचं पाऊल पाहिलं, जिथे बोटं नव्हती ती जागा पाहिली, आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"कापतात ना तिथे?" त्यानं विचारलं.

नाही म्हणणं किती सोपं होतं. उठून त्याला चांगली पट्टी बांधून देणं त्याहून सोपं होतं, हात अजून चांगलाच होता.

"कापतात," काका म्हणाले. "माझी दोन कापली. आणखी थांबलो असतो तर जास्त कापली असती. आज चला, मी बरोबर येतो."

शिंप्यानं मशीनवरचं अर्धं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलं, आणि बायकोला विचारलं, आपली ती छत्री कुठे आहे, टेकायला काहीतरी लागेल.